पियानिस्ट कोणाला म्हणावे?

भिंतीवर तलवार टांगली म्हणून घरमालक शूर ठरत नाही, हे आपल्याला पटते. मग दिवाणखान्यात पियानो ठेवला की त्या घराला संगीताची जाण आहे, हे मात्र आपण विनातक्रार कसे मान्य करतो? पाहुणे येतात, झाकणावरून हात फिरवतात, 'वा! कोण वाजवतं?' असे विचारतात, आणि यजमान मंद हसून 'वेळ कुठे मिळतो!' म्हणतात. वेळ मिळत नाही, पण पियानो मिळतो!

मी मांडव्याचा. मॅट्रिकनंतर मास्तरकी पत्करली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचनालयांच्या कपाटांत सुखाने नांदत आहेत. मुंबईचा गेटवे आणि आमची जेटी यांच्यामध्ये लाँचचा तासाभराचा प्रवास. पूर्वी त्या तासाने बरेच काही अडवून धरले होते. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारी पाण्यावरून येऊ लागल्या. मोटारींमागून टेंपो आले. टेंपोंतून संगमरवर आला, परदेशी झाडे आली, आणि घोंगड्यांत गुंडाळलेले पियानोही आले. मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यातल्या बंगल्यांत मी आजवर तीन पियानो पाहिले. एकावर चांदीच्या चौकटीतले फोटो मांडलेले आहेत. दुसऱ्यावर जरीकाठी कापड आहे, त्यावर फुलदाणी आहे आणि फुलदाणीतले पाणी झिरपून लाकडावर गोल डाग पडला आहे. तिसऱ्याला कुलूप आहे. किल्ली मुंबईला.

या तिसऱ्या पियानोच्या मालकांनीच मला हा लेख लिहायला लावले, असे म्हटले तरी चालेल. गृहस्थ सज्जन आहेत, शाळेला पंखे दिले आहेत. गेल्या शिमग्याला गच्चीवर गप्पा चालल्या होत्या. ते म्हणाले, "मास्तर, इथे एखादी संध्याकाळ पियानोची करावी असं फार मनात आहे. पण तुमच्या भागात पियानिस्ट कुठून मिळणार? पेटीवाले मिळतील!" सगळे हसले. मी हसलो नाही, आणि तेव्हा बोललोही नाही. पाहुण्याच्या ताटावर बसून यजमानाशी वाद घालू नये, ही आमच्या घरची शिस्त. दिवाळी अंकाला ती शिस्त लागू नाही.

तर प्रश्न असा, की पियानिस्ट म्हणजे कोण? आणि 'पेटीवाला' म्हणजे त्याच्याहून हलका, हे ठरवले कोणी?

आधी वाद्याकडे पाहू. सन 1700 च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने पहिला पियानो घडवला. त्याआधीच्या कळीच्या मोठ्या तंतुवाद्यांत तार छेडली जाई. बोट हळू ठेवा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर छोटी हातोडी मारायची युक्ती काढली आणि बोटाच्या दाबाप्रमाणे नाद लहान-मोठा होऊ लागला. आजच्या पियानोला 88 पट्ट्या असतात आणि तारा दोनशेहून अधिक. कारण खर्जातले काही स्वर सोडले तर एकेका स्वराला दोन-दोन, तीन-तीन तारा लागतात. या सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट असते. एवढा डोलारा! आणि एवढे करून त्या वाद्याचे एक दुखणे जन्मजात आहे. हातोडी तारेवर आपटून मागे आली, की त्या क्षणापासून स्वर मरू लागतो. त्याला वाढवता येत नाही, वळवता येत नाही. व्हायोलिनवाला गज ओढून स्वर फुलवतो, गवयी श्वासावर झुलवतो. पियानो वाजवणाऱ्याच्या हातात मात्र फक्त तो पहिला स्पर्श. पुढे तो काहीही करू शकत नाही.

आणि तरीही चांगला पियानिस्ट वाजवू लागला की पियानो गातो असे आपल्याला वाटते! हे कसे होते? मरत चाललेल्या स्वराचा अखेरचा अंश कानाने पकडून तो पुढचा स्वर नेमका तेवढ्याच वजनाने ठेवतो, म्हणून. पहिला कुठे संपला आणि दुसरा कुठे उगवला हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ही बोटांची कसरत नव्हे, हे कानाचे काम आहे. माझ्या मते पियानिस्टची खूण एवढीच: वाद्याला जे येत नाही, ते जो आपल्या कानाच्या जोरावर त्याच्याकडून करवून घेतो, तो पियानिस्ट. मालकीचा, सुटाबुटाचा, झाकणाच्या चकाकीचा त्यात कुठेही संबंध येत नाही.

आता आमच्या पेटीकडे वळू. ही पेटीही मूळची परकीच. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता मारायचे ते धूड इकडे आले, आणि आपल्या कारागिरांनी त्याला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या मापाचे केले: एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने स्वर. मराठी रंगभूमीने तर पायपेटीला ऑर्गन म्हणून घरच्या सुनेसारखे वागवले. या वाद्याचे दुखणे पियानोच्या उलट. इथे स्वर मरत नाही; भाता आहे तोवर तो आपला ठाम उभा. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, ते पेटीला येत नाही. शिवाय पियानोप्रमाणे तिचेही बारा स्वर सारख्या अंतरावर कापलेले, त्यामुळे रागातले बारीक चढे-उतरे गंधार-धैवत तिच्यात बसत नाहीत.

हा आक्षेप खोटा नव्हे, आणि मी तो झाकून ठेवणार नाही. पण त्या आक्षेपाचे आपल्या देशात काय झाले ते ऐका. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी असलेल्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने 1938 मध्ये पेटीवर तोफ डागणारा लेख लिहिला. रवींद्रनाथांसारख्या थोरांनाही पेटी नकोशी होती. 1 मार्च 1940 पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली. इंग्रज गेले, बंदी राहिली! 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण केसकर तर मराठी गृहस्थ. त्यांच्याही कारकिर्दीत ती उठली नाही. 1971 साली साथीपुरती, आणि तीही अटी घालून, सवलत मिळाली. एकट्याने पेटी वाजवायला तर पुढे कित्येक दशके मज्जाव होता. तीस वर्षे या देशात एका वाद्याला राष्ट्रीय दारातून आत येऊ दिले नाही. त्या तीस वर्षांत पेटीवाल्यांनी काय खाल्ले असेल, हा प्रश्न कोणत्या फायलीत आहे?

गंमत पुढेच आहे. कोणत्याही मराठी गवयाला विचारा, 'बुवा, आपला स्वर कोणता?' तो सांगेल, 'काळी एक', 'पांढरी दोन'. बाई असतील तर 'काळी चार', 'काळी पाच'. या काळ्या-पांढऱ्या म्हणजे काय? पेटीच्या पट्ट्या! जिला परकी म्हणून बाहेर ठेवले, तिच्याच पट्ट्यांनी आपण सगळ्यांनी आपापले गळे मोजून घेतले आहेत. तंबोऱ्यापुढे बसलेला शुद्धतेचा कैवारीसुद्धा तंबोरा जुळवताना म्हणतो, 'जरा पेटीवर काळी एक द्या.' आणि पट्टी दाबणाऱ्याचे नाव विचारीत नाही.

आता गोविंदराव टेंबे घ्या. 1881 चा जन्म. पेटी वाजवणारा माणूस. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या सहवासात त्यांनी कान तयार केला. 1911 च्या 'मानापमाना'तल्या पदांच्या चाली त्यांच्या. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. 1932 च्या 'अयोध्येचा राजा' बोलपटाला संगीत दिले, वर हरिश्चंद्राची भूमिकाही केली. लिहीत तर असे की आम्हा कादंबरीकारांनी शरमावे. यांना कोणी 'पेटीवाले' म्हणून दाराबाहेर उभे करील काय? किंवा आमच्याच कोकणपट्टीतले गोविंदराव पटवर्धन (1925 ते 1996) घ्या. कुमार गंधर्वांच्या गाण्यामागे त्यांची पेटी ऐका. कुमार कुठे स्वर सोडून देणार, कुठे अर्ध्यात थांबणार, हे त्यांचे त्यांनाही आधी ठाऊक नसेल. पण पटवर्धनांचे बोट तिथे हजर! पेटीला मींड येत नाही म्हणता? मग ती आपल्याला ऐकू येते ती कोणाची? गोव्याकडचे तुळशीदास बोरकर या पेटीवरच पद्मश्रीपर्यंत गेले, पण तेव्हा साल 2016 उजाडले होते. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी तर त्या बारा स्वरांच्या आक्षेपाला तोंडी उत्तर देण्याऐवजी बावीस श्रुतींची पेटीच बनवून दाखवली. वाद असा घालावा.

'पण ही सारी साथ झाली,' असे बंगल्याच्या गच्चीवरून म्हणतील. 'पियानिस्ट म्हणजे एकटा बसून मैफल जिंकणारा. साथ ती साथच.' ठीक आहे. मग ज्यांचा पियानो, त्यांच्याच घरात जाऊन पाहू. बेथोव्हेनने पियानो आणि व्हायोलिन यांसाठी ज्या रचना केल्या, त्यांच्या छापील मथळ्यात पियानोचे नाव पहिले आणि व्हायोलिनचे मागून. म्हणजे त्या जमान्यात व्हायोलिन साथीला! पुढे काळ बदलला आणि पियानोवाला साथीदार झाला. मोठा कोण आणि साथीदार कोण हे वाद्याच्या पोटात लिहिलेले नसते; ते फलक रंगवणारा ठरवतो.

इंग्लंडात जेराल्ड मूर नावाचा पियानिस्ट होऊन गेला, 1899 ते 1987. जन्मभर त्याने गायकांची साथ केली. 1962 साली आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावच मुळी 'माझा आवाज मोठा होतोय का?' अशा अर्थाचे. त्यात विनय आहे आणि टोमणाही. 1967 च्या फेब्रुवारीत त्याने लंडनला निरोपाचा कार्यक्रम केला तेव्हा त्या काळातले तीन अव्वल गायक त्याच्यासाठी गायला उभे राहिले. आणि अगदी शेवटी, गायक बाजूला, मूर एकटा पियानोपुढे बसला आणि शूबर्टचे एक गाणे, गाणाऱ्याशिवाय, त्याने हलक्या हाताने वाजवले. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याचा श्वास मोजला, त्याने ते गाणे गळ्याशिवाय उभे केले. याला पियानिस्ट म्हणायचे नसेल तर तो शब्दच कोशातून काढून टाका.

आपल्याकडे कोशाचे काम सिनेमाने केले. आपल्या घरांत पियानो शिरला तो पडद्यावरून. 1949 च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोपुढे बसला, 1964 च्या 'संगम'मध्ये राज कपूर, 1968 च्या 'ब्रह्मचारी'त शम्मी कपूर. समोर पार्टी, हिरॉईन खांबाला टेकलेली, नायकाच्या डोळ्यांत पाणी. आपल्या आया-आजींनी डोळे पुसले. पण ती बोटे कोणाची होती, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मुंबईच्या त्या ध्वनिमुद्रणशाळांतून गोव्याचे किरिस्तांव वाजवणारे आणि मुंबईचे पारशी वाजवणारे सकाळपासून रात्रीपर्यंत खपत. लुसिला पाशेको नावाच्या बाईंनी त्या वाद्यवृंदात पियानोवर उमेदीची वर्षे घालवली. मुंबईतच जन्मलेले व्ही. बालसारा पियानोवर आपले देशी सूर वाजवीत कलकत्त्याला जाऊन नावारूपाला आले, हा अपवाद. बाकीच्यांची नावे पडद्यावर आली नाहीत. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवीत, वाद्यमेळ रचीत, प्यारेलालांचे ते गुरू. त्यांचे नाव देशभर झाले ते 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गमतीच्या गाण्यात शिष्याने ते घातले म्हणून! तेसुद्धा लोकांना वाटते अमिताभ बच्चनच्या पात्राचे.

अशा रीतीने आपण असे ठरवून टाकले आहे, की पियानोपुढे जो बसलेला दिसतो तो पियानिस्ट. त्याच न्यायाने मुलांना क्लासला घातले जाते. ट्रिनिटीची किंवा रॉयल स्कूलवाल्यांची परीक्षा, आठ इयत्ता, प्रत्येक इयत्तेला प्रमाणपत्र. परीक्षा वाईट नाही, मी मास्तर आहे, परीक्षेवरच जगतो. पण एक पोरगी माझ्यासमोर पाचव्या इयत्तेचे प्रमाणपत्र घेऊन उभी राहिली; मी म्हटले, "बाळ, 'उत्तम झाली'चं वाजवून दाखव एखादं काहीतरी." ती म्हणाली, "काका, परीक्षेचे तीनच पीस येतात." तिच्या आईचा चेहरा पडला, तिचा दोष नव्हता आणि पोरीचा तर मुळीच नव्हता. तिला कोणी गाणाऱ्याच्या मागे बसवलेच नव्हते. दुसऱ्याचे गाणे ऐकत वाजवायला तिला कोणी शिकवलेच नव्हते.

आता माझ्या गावातला माणूस सांगतो. लाँचवर खलाशी आहे. दिवसा दोर टाकतो, उतारूंच्या बॅगा ओढतो. रात्री भजनी मंडळात पेटी वाजवतो. वडिलांची पेटी, बापाकडूनच शिकलेला. त्याचे नाव या लेखात द्यायचे होते, पण त्याने हात जोडले. "गुरुजी, आधी देवलाच्या फलकावं येऊ द्या, मंग पुस्तकान टाका." म्हणून देत नाही.

कुलपाचा पियानो बंगल्यात चढवायला चार माणसे हवी होती, त्यांत हाही होता. मालक नव्हते. जागेवर ठेवून झाल्यावर घाम पुसत त्याने एकच पट्टी दाबली आणि मला म्हणाला, "गुरुजी, ही काली चार उतरलीय." दुसरी दाबली, तिसरी दाबली. "सगलाच उतरलाय. पन सारखा नाय उतरला. मधलं जास्ती." त्याच्यापाशी पेटी नव्हती, मोबाईलमधले यंत्र नव्हते. घरच्या पेटीची काळी चार त्याच्या कानात होती. पुढे महिन्याभराने मुंबईहून पियानो जुळवणारे गृहस्थ आले तेव्हा त्यांनीही पहिल्यांदा मधल्याच तारांना हात घातला. त्यांनी सांगितले, की समुद्राकाठी हा तारांचा संसार फार नाजूक: पावसाळी दमटपणाने आतली लाकडी फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते, खाऱ्या वाऱ्याने तारांना गंज चढतो, वर्षातून दोनदा तरी जुळवला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे रोज वाजला पाहिजे. रोज! किल्ली मुंबईला.

सासवण्याच्या करमरकरांच्या घरी तुम्ही कधी गेला असाल. शिल्पकार विनायकराव करमरकर, 1891 ते 1967. मुलगा असताना त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजीचे चित्र काढले होते, ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या इंग्रज कलेक्टराच्या नजरेस पडले आणि त्याने त्यांना जे. जे.मध्ये धाडले, असे सांगतात. ती भिंत गावातले सगळेच रोज पाहत होते. आमच्या पट्ट्यातल्या हाताची पारख करायला दर वेळी कलेक्टरच यावा लागतो काय?

आणि आमचे गाव तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहे! बंगलेवाल्यांना बोलतो म्हणून गावकऱ्यांना सोडणार नाही. सप्ताहाला सात दिवस हा माणूस पेटी वाजवतो. कीर्तनकार बाहेरचे येतात, त्यांना पाकीट, शाल, श्रीफळ. मृदंगमणी म्हणून पखवाजवाल्याचे नाव फलकावर. पेटीवाल्याला नारळ आणि जेवण, आणि फलकावर 'साथ: स्थानिक भजनी मंडळ'. एकदा रात्री कीर्तनकारबुवांचा आवाज बसला. त्यांनी स्वर खाली घेतला, न सांगता. याने पुढच्या ओळीला पट्टी बदलली, न विचारता. मंडपात कोणाला काही कळले नाही, बुवांनाही पेटीकडे बघावे लागले नाही. अभंग संपल्यावर बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून पखवाजाला घातला!

यंदा तर त्याहून पुढची मजल. देवस्थानच्या तरुण मंडळींनी ठरवले आहे, की काही अभंगांना आता 'ट्रॅक' लावायचा. म्हणजे वाद्ये आधीच यंत्रात भरलेली. गाणाऱ्याने त्यावर गायचे. खर्च कमी, आवाज मोठा, चूक नाही. मी म्हटले, "बुवांचा आवाज बसला तर तुमचा ट्रॅक खाली येणार आहे काय?" पोरे म्हणाली, "गुरुजी, मग बुवांनी वर यायचं." एवढ्या एका वाक्यात सगळे आले. माणसाने यंत्राची साथ करायची!

त्या सज्जन यजमानांना मी पत्र धाडले आहे. पियानोची किल्ली मुंबईहून आणावी, तो गड्याच्या ताब्यात न देता या खलाशाच्या ताब्यात आठवड्यातले दोन दिवस द्यावा, आणि त्या दोन दिवसांची रीतसर बिदागी ठरवावी, बक्षिसी नव्हे. पियानोची बोटे वेगळी पडतात, डावा हात भात्यावरून काढून पट्ट्यांवर आणावा लागतो, हे त्यालाही ठाऊक आहे. तो म्हणतो, डाव्या हाताला सहा महिने लागतील. त्यांना संध्याकाळ करायचीच असेल तर सहा महिन्यांनी करावी. उत्तर अजून आलेले नाही.

गावचे मात्र माझ्या हातात आहे. सप्ताहाचा फलक गेली अठरा वर्षे मीच रंगवतो, कारण अक्षर बरे आहे आणि पैसे घेत नाही. कार्तिकी एकादशीच्या आधी देवळाच्या ओसरीवर बैठक आहे. कीर्तनकार आणि मृदंगमणी यांच्या खाली, तेवढ्याच उंचीच्या अक्षरात, 'पेटी' असा शब्द आणि त्यापुढे त्याचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, येणार असेल तरच मी कुंचला उचलीन. नाहीतर फलकही यंत्रातून छापून आणा, असे मी अध्यक्षांना सांगितले आहे. पांढरा रंग आणून ठेवला आहे. काळा घरात होताच.